उकिरड्यापासून कचऱ्यापर्यंत

'उकिरड्याचेही पांग बारा वर्षांनी फिटतात' ही म्हण वर्गात शिकवताना आम्हांला अलीकडे अडखळायला होते. म्हणीतला उकिरडा घरामागचा, आपलाच. शेण, राख, पालापाचोळा कुजून त्याचे खत होई आणि ते गाडीने शेतात जाई. शहरात तो नजरेआड गेला. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला साचू लागला. तिथे कसले पांग फिटणार?

पुण्यात मात्र त्या कचऱ्यातून विकण्याजोगे वेचून काढणाऱ्या बायका होत्या. बहुतेक दलित, कित्येकजणी १९७२च्या दुष्काळानंतर गाव सोडून आलेल्या. १९९३मध्ये त्यांची संघटना उभी राहिली, 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. पोत्यातली वर्गवारीच नाव झाली! (प्लास्टिक नावात नाही, पोत्यात भरपूर.) २००८मध्ये त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला आणि त्या दारोदार कचरा घेऊ लागल्या. पुढे २०१६च्या नियमांनी ओला, सुका, घातक असा कचरा वेगळा करणे प्रत्येक घरावर बंधनकारक केले.

आमच्या घरांतून हाक मात्र अजून 'कचरेवाली आली' अशीच जाते. कचरा तर आमचा असतो.