लघू ग्लाइड बॉम्ब

लढाऊ विमानातून सोडल्यावर पंख उघडून, इंजिनाशिवाय तरंगत दूरच्या लक्ष्यावर नेमका जाणारा हलक्या वजनाचा बॉम्ब. भारतातले याचे ठळक उदाहरण म्हणजे डीआरडीओचे ‘स्मार्ट अँटी-एअरफील्ड वेपन’ ऊर्फ ‘सॉ’. वजन १२५ किलोच्या वर्गातले, पल्ला कमाल १०० किलोमीटर. अंदाज यावा म्हणून: अंबाजोगाईपासून बीड, लातूर आणि परभणी ही तिन्ही जिल्ह्यांची ठिकाणे सरळ रेषेत याहून जवळ आहेत.

साध्या बॉम्बचा नेम चुकतो, म्हणून तो मोठा करावा लागतो किंवा एकाऐवजी अनेक टाकावे लागतात. चूक काही मीटरांवर आली की तेच काम थोड्या स्फोटकात भागते. या विचारातून अमेरिकेचा जीबीयू-३९ आला. तो सुमारे १३० किलोचा असून २००६ पासून सेवेत आहे. जिथे एक मोठा बॉम्ब टांगायचा, तिथे एका घोडीवर हे चार बसतात.

विमानाखाली असताना पंख अंगालगत मिटलेले असतात, सुटल्यानंतर उघडतात. इंधन नसल्यामुळे उंची आणि वेग एवढेच भांडवल. दर १ किलोमीटर खाली येताना १० किलोमीटर पुढे सरकणारा बॉम्ब १० किलोमीटर उंचीवरून सोडला, तर ढोबळ हिशेबाने १०० किलोमीटर गाठतो. जाहिरातीतला पल्ला वाचताना हे ध्यानात ठेवावे: विमान खालून आणि सावकाश जात असेल, तर आकडा झपाट्याने घटतो. वाटेत जडत्वीय प्रणाली आणि उपग्रहांचे संकेत मिळून दिशा देतात, शेपटीकडचे छोटे पंख मार्ग सुधारतात.

‘सॉ’ प्रकल्पाला सप्टेंबर २०१३ मध्ये मंजुरी मिळाली. आराखडा हैदराबादच्या रिसर्च सेंटर इमारतचा. २०१६ मध्ये जॅग्वार विमानातून चाचण्या सुरू झाल्या. २१ जानेवारी २०२१ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यालगत एचएएलच्या हॉक-आय विमानातून तो सोडण्यात आला. म्हणजे प्रशिक्षणाच्या विमानाच्या जातीलाही हा भार पेलतो. २८ ऑक्टोबर आणि ३ नोव्हेंबर २०२१ रोजी जैसलमेरच्या चांदण क्षेत्रात दोन वेगळ्या रूपांची परीक्षा झाली: एक उपग्रहावर विसंबणारे, दुसरे अवरक्त प्रतिमा पाहून लक्ष्य ओळखणारे. दुसरे रूप अधिक मोलाचे मानावे लागेल. युक्रेनच्या युद्धात उपग्रहसंकेत जॅम करून अशा शस्त्रांचा नेम बिघडवता येतो हे दिसून आले आहे; स्वतःच्या ‘डोळ्या’ने पाहणारा बॉम्ब त्या जाळ्यात सहज अडकत नाही.

नाव विमानतळविरोधी असण्याला इतिहास आहे. १९७१ च्या युद्धात ढाक्याच्या तेजगाव धावपट्टीवर मारा करण्यासाठी भारतीय मिग-२१ विमानांना थेट तिच्या माथ्यावर, विमानविरोधी तोफांच्या टप्प्यात जावे लागले. १०० किलोमीटरवरून बॉम्ब सोडणाऱ्या वैमानिकाची या धोक्यातून बरीचशी सुटका होते. मात्र धावपट्टीला पाडलेले खड्डे फार काळ टिकत नाहीत. त्याच युद्धात भुजची उखडलेली धावपट्टी माधापरच्या सुमारे ३०० महिलांनी तीन दिवसांत दुरुस्त केली होती. त्यामुळे रडार, बंकर ही ‘सॉ’ची अधिक परिणामकारक लक्ष्ये ठरतात; डांबर-काँक्रीट भरता येते, जळालेले रडार तसे उभे करता येत नाही.

महाराष्ट्राचा संबंध येतो तो याच्या थोरल्या भावंडात, ‘गौरव’ या १,००० किलो वर्गाच्या ग्लाइड बॉम्बमध्ये. पुण्याच्या पाषाण भागातली आयुध संशोधन आणि विकास आस्थापना म्हणजे एआरडीई ही संस्था त्याच्या घडणीत सहभागी आहे. १३ ऑगस्ट २०२४ रोजी सुखोई-३० एमकेआयमधून सोडलेल्या ‘गौरव’ने ओडिशापुढील लाँग व्हीलर बेटावरचे लक्ष्य टिपले. ८ ते १० एप्रिल २०२५ च्या चाचण्यांत वेगवेगळ्या स्फोटकशीर्षांसह सुमारे १०० किलोमीटर पल्ला मिळाला. उत्पादनातील भागीदार म्हणून अदानी डिफेन्स आणि पुण्याची भारत फोर्ज यांची नावे आहेत. हा बॉम्ब सोडणाऱ्या सुखोई-३० एमकेआयची जुळणीही महाराष्ट्रातच, नाशिकजवळच्या ओझर येथे होते.