दिवाडी बेटावरचा बोंदेराम: झेंडे पाडायचा उत्सव नेमका काय आहे?

ऑगस्ट संपत आला की गोव्यातल्या एका मिरवणुकीचे रील्स फिरू लागतात. रंगीत झेंडे, ब्रास बँड, सजवलेले चित्ररथ. बरेच जण याला पावसाळी कार्निव्हल समजतात. पण हा आहे मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावरचा बोंदेराम, आणि त्याच्या मुळाशी जमिनीचं भांडण आहे.

पोर्तुगीज भाषेत ‘बांदेरा’ म्हणजे झेंडा. त्यावरूनच हे नाव आलं. बेटावर अशी हकीकत सांगतात: दोन वाड्यांत हद्दीवरून वाद पेटायचे, कधी रक्तही सांडायचं. तोडगा म्हणून पोर्तुगीज सरकारने हद्दींवर झेंडे रोवले. लोकांना ती ढवळाढवळ रुचली नाही. त्यांनी दगड मारून झेंडे पाडले. हद्दीचा वाद पुढे मागे पडला, झेंडे पाडणं मात्र राहिलं, तेही सरकारची टर उडवण्यासाठी.

आता प्रत्येक वाड्याचा स्वतःचा झेंडा मिरवतात आणि दगडाऐवजी ‘फोताश’ वापरतात. ही बांबूच्या पोकळ नळीची खेळण्यातली बंदूक. नळीच्या एका तोंडाशी एक फळ घट्ट बसवायचं, दुसऱ्या बाजूने दुसरं फळ काठीने आत रेटायचं. मधली हवा दाबली गेली की पुढचं फळ फट्‌कन उडतं. रील्समध्ये हा भाग क्वचितच दिसतो, खरी गंमत तिथेच आहे.

मराठी वाचकाला दिवाडी आणखी एका कारणाने जवळची वाटावी. गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचं याच बेटावरच्या नार्व्याचं. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ते देऊळ पाडलं, तेव्हा देव नदीपलीकडे डिचोली भागात नेला गेला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये केला. त्या गावालाही आज नार्वेच म्हणतात.

मुख्य सोहळा ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी असतो. जयसिंगपूर-कोल्हापूरकडून आंबोली घाटातला पाऊस बघत गोव्यात उतरणाऱ्यांनी जुनं गोवे किंवा रायबंदर गाठावं. तिथून फेरीबोट मिळते. त्या दिवशी धक्क्यावर मोठी गर्दी असते, त्यामुळे चारचाकी अलीकडेच ठेवलेली बरी. आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ जातानाच विचारून ठेवावी.