शेकडा तीनचं घर

माझ्या ऑफिसात येणारी पार्टी आधी भाव विचारते आणि लगेच व्याजाचा दर. सध्या किती चाललंय, अजून खाली येईल का, दिवाळीपर्यंत थांबावं का. गारखेड्यात घर-जमिनीच्या दलालीचा हा धंदा सुरू केल्यापासून हे प्रश्न ऐकतोय आणि माझं उत्तरही बदललेलं नाही. आधी कागद बघू, मग दर बघू. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे माझं निम्म्याहून जास्त आयुष्य ज्याला औरंगाबाद म्हणण्यात गेलं त्या गावात, कुणाला किती व्याजानं घर पडलं हे रिझर्व्ह बँकेपेक्षा जमिनीच्या कागदानंच जास्त ठरवलं. पक्का कागद असेल त्याला स्वस्त पैसा मिळाला. कच्चा कागद असेल त्याला सावकाराचा पैसा मिळाला, आणि कच्चा कागद बहुतेक वेळा गरिबाच्याच वाट्याला आला. या शहराच्या घरांचा इतिहास मला तरी असाच दिसतो.

मलिक अंबरनं 1610 च्या सुमारास खडकी वसवली, तिथून या शहराची सुरुवात. पुढं बेगमपुरा, करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा असे पुरे वसले. निजामाच्या काळात इथले व्यवहार उर्दूत होत. खरेदीखताला बैनामा म्हणत आणि पैसा मोजायचा हाली सिक्क्यात. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, म्हणजे ब्रिटिशांचे रुपये. घरासाठी पैसा लागला की सोनं मोडायचं, नाहीतर सावकाराकडं घरच ठेवायचं. त्यात ताबेगहाणाची पद्धत मोठी होती. व्याज द्यायचं नाही, पण पैसे फिटेपर्यंत सावकार घर वापरणार किंवा त्याचं भाडं खाणार. सराफा, गुलमंडी, शहागंज भागातल्या जुन्या घरांचा सर्च काढताना असे व्यवहार अजून पुढं येतात. उर्दू वाचणारा माणूस सोबत घेतल्याशिवाय जुन्या शहरातल्या मिळकतीला मी हात लावत नाही. वारसांची नावं, हिस्से, गल्लीतला येण्या-जाण्याचा हक्क, सगळं त्या कागदात असतं, आणि एक ओळ वाचायची राहिली तर नातवंडांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

शेतजमिनीचं कोडं त्याहून अवघड. मराठवाड्यात इनामी जमिनी भरपूर. मदतमाश वेगळी, देवस्थान किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश वेगळी. शिवाय हैदराबाद कूळ कायदा 1950 चा, त्यातली संरक्षित कुळं. म्हणून इथला जाणता वकील नुसत्या आजच्या सातबाऱ्यावर समाधान मानत नाही, 1954-55 चं खासरा पत्रक मागतो. त्यात इनामाची नोंद निघाली तर पुढचं बोलणं तिथंच थांबतं. पुण्याहून बदली होऊन आलेल्या लोकांना याचं नवल वाटतं. सातबारा कोरा आहे, मग अडचण काय, असं ते विचारतात. अडचण सत्तर वर्षांपूर्वीच्या पानावर असते.

1941 मध्ये हैदराबाद स्टेट बँक निघाली. पुढं ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि मराठवाड्यात पगारदाराची बँक म्हणजे एसबीएच, असं समीकरण 2017 मध्ये ती स्टेट बँकेत विलीन होईपर्यंत टिकलं. पण घरासाठी बँकेकडं जावं, ही कल्पना माझ्या वडिलांच्या पिढीत रुजलेली नव्हती. प्रॉव्हिडंट फंड, सरकारी नोकर असेल तर घरबांधणी अग्रिम, बाकी भाऊबंद.

मग आलं सिडको, शहरं वसवणारं राज्य सरकारचं महामंडळ. 1972 मध्ये राज्य सरकारनं नव्या औरंगाबादचं काम सिडकोकडं सोपवलं. एन-1 पासून एन-13 पर्यंत सेक्टर पडले. रस्ते आधी आखले गेले, घरं नंतर आली, आणि मैदानं, शाळा, बाजार नकाशावर दाखवल्याप्रमाणं सोडले गेले. त्यातला एन-9, एन-11, एन-12 चा भाग आजही लोकांच्या तोंडी हडकोच आहे. हडको म्हणजे घरबांधणीला कर्ज देणारं, 1970 मध्ये स्थापन झालेलं केंद्र सरकारचं महामंडळ. त्याचं धोरण असं की कमी उत्पन्नाच्या गटाला कमी व्याज आणि वरच्या गटाला जास्त. माझ्या धंद्याच्या नजरेतून पाहिलं तर या शहरात घराच्या बाबतीत गरिबाला श्रीमंतापेक्षा स्वस्त पैसा देण्याचं धोरण मला त्या काळात ठळक दिसलं. शिपाई, कंडक्टर, प्राथमिक शिक्षक या माणसांना छोटं का होईना, कागदावर पक्कं घर मिळालं. आज त्याच घरांवर दोन-दोन मजले चढलेत, खाली दुकानं आहेत, वर मुलगा-सून राहतात.

त्या घरांची एक गोष्ट मात्र लोकांना फार वर्षं टोचत होती. जागा मालकीची नव्हती, भाडेपट्ट्याची होती. विकायचं म्हटलं की सिडकोची ना हरकत आणि हस्तांतरण शुल्क. घर फ्रीहोल्ड करा, ही मागणी इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं लावून धरली. ती रास्तच होती. पण एक सांगतो, भाडेपट्ट्याचा असला तरी तो कागद बँकेला चालत होता. सिडकोतल्या घरावर कर्ज अडलंय असं माझ्या कामात क्वचितच झालं.

1985 मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. चिकलठाणा आणि रेल्वे स्टेशन एमआयडीसी आधीपासून होतीच. जालना, बीड, परभणी, बुलढाण्याकडून पोरं कामाला आली, लग्नं झाली, भाड्याच्या खोल्या अपुऱ्या पडायला लागल्या. आशियातलं सगळ्यात झपाट्यानं वाढणारं शहर, असं तेव्हा जो-तो म्हणायचा. लोक झपाट्यानं वाढले, मंजूर ले-आउट तसे वाढले नाहीत. शहराच्या कडेचे शेतकरीही घाबरलेले होते. उद्या आरक्षण पडलं, संपादन झालं तर हाती काय राहणार? मग त्यांनी गुंठ्या-गुंठ्यानं रान विकायला काढलं. पुंडलिकनगर, जयभवानीनगर, मुकुंदवाडी, मिसारवाडी, पुढं सातारा-देवळाई, सगळीकडं हेच.

गुंठेवारीचा प्लॉट कसा विकला जायचा ते मी जवळून पाहिलंय. बाजरीच्या धसकटात फक्कीनं रेघा मारलेल्या असत. वीस बाय तीसचा प्लॉट, म्हणजे सहाशे चौरस फूट, अर्ध्या गुंठ्याहून जरा जास्त. तुकडेबंदीच्या कायद्यामुळं एवढ्या तुकड्याचं रजिस्टर खरेदीखत सहजी होत नसे. म्हणून बॉण्ड. टाइपरायटरवर गट नंबर, चतुःसीमा, पूर्वेस वीस फुटी रस्ता, पश्चिमेस उर्वरित गट, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. पैसे चहाच्या हॉटेलात मोजले जायचे. मालकानं बॉण्ड दुमडून हातात दिला की माणूस तो शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचा आणि घरी जाऊन ट्रंकेत. त्याला वाटायचं घर झालं. कायद्याच्या नजरेत त्याच्याकडं पैसे दिल्याच्या पुराव्यापलीकडं फारसं काही नसायचं.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या सुमाराची, 1994 ची गोष्ट. कारखान्यातल्या एका फिटरनं असा प्लॉट पंचवीस हजारांत घेतला. दहा हजार भिशीचे होते. पंधरा हजारांसाठी तो बँकेत गेला, साहेबांनी बॉण्ड उलटून-पालटून पाहिला आणि परत दिला. एनए नाही, ले-आउट नाही, रजिस्टर खत नाही. गहाण ठेवून घ्यायचं काय? मग सावकार. शेकडा तीन. महिन्याला साडेचारशे रुपये नुसतं व्याज, वर्षाला पाच हजार चारशे. तेव्हा बँकांचं गृहकर्ज पंधरा-सोळा टक्क्यांच्या घरात होतं आणि लोक त्यालाही महाग म्हणत. पंधरा टक्क्यांनी वीस वर्षांसाठी तेवढीच रक्कम घेतली असती, तर मुद्दल धरून हप्ता दोनशेच्या आत बसला असता. ज्योतीनगरात रो-हाऊस घेणारा कारकून पंधरा टक्के भरत होता आणि पुंडलिकनगरचा फिटर छत्तीस. दोघांचे पगार फार लांबचे नव्हते. फरक फक्त कागदाचा होता. हे मला आजही सहन होत नाही.

अर्थात बँकेचं कर्जही तेव्हा सुखासुखी मिळत नसे. एचडीएफसी 1977 मध्ये स्थापन झाली, 1989 मध्ये एलआयसी हाउसिंग आली, पण आमच्याकडं मॅनेजरसमोर दोन जामीनदार बसवावे लागत. जामीनदार शोधणं हे घर शोधण्यापेक्षा कठीण. सासरे, साडू, ऑफिसातला मित्र. कुणाच्या सहीपायी नाती तुटलेलीही पाहिली. फाइलमध्ये पगारपत्रक, एलआयसीची पॉलिसी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युअरचा दाखला आणि मूळ खरेदीखत जमा.

2003-04 मध्ये दर साडेसात-आठावर आले आणि धंद्याची चालच बदलली. पंधरा टक्क्यांनी लाखाला 1,317 रुपये पडणारा हप्ता साडेसातनं 806 वर आला. बँकेची माणसं आमच्या ऑफिसात येऊन बसायला लागली. बीड बायपास, उल्कानगरी, गारखेड्याचा मागचा भाग त्या पाच-सहा वर्षांत भरला. पण त्याच वेळी फ्लोटिंग, म्हणजे बदलता दर, हा शब्द आला आणि लोकांनी तो नीट समजून घेतला नाही. न्यू जर्सीत राहणारा माझा एक ग्राहक इथं आईवडिलांसाठी घर बघायला आला होता. तो म्हणाला, तिकडं तीस वर्षं एकच दर राहतो. अमेरिकेत 1981 मध्ये हा दर अठरा टक्क्यांच्याही वर गेला होता आणि 2021 च्या सुरुवातीला तीनच्या खाली होता, पण ज्यानं ज्या दिवशी घेतला त्याला तोच राहिला. आपल्याकडं कर्ज घेतलं त्या दिवशीचा दर हा फक्त त्या दिवसापुरता असतो.

याचा झटका कोरोनानंतर बसला. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, ज्याला धरून बँकांचे दर ठरतात, मे 2020 ते मे 2022 चार टक्के होता. राज्य सरकारनं सप्टेंबर 2020 पासून मुद्रांक शुल्कातही सवलत दिली. 6.7 टक्क्यांनी वीस लाख, वीस वर्षं, हप्ता साधारण 15,150. मग फेब्रुवारी 2023 पर्यंत रेपो साडेसहावर गेला. वीस लाखांवर नऊ टक्क्यांनी महिन्याचं नुसतं व्याजच 15,000 होतं. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलातून जातात दीडशे रुपये, आणि हिशेब मांडला तर कर्ज पन्नास वर्षांच्या पुढं जातं. एका शिक्षक दांपत्याचं स्टेटमेंट मी स्वतः वाचून दाखवलं. हप्ता वाढला नाही म्हणून दोघं निश्चिंत होते. शेवटच्या हप्त्याची तारीख त्यांच्या निवृत्तीच्या कितीतरी पुढं गेली होती. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम केला की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारावं लागेल. 2025 मध्ये दर पुन्हा उतरले, तेव्हा त्या दांपत्याला मी हप्ता कमी करू न देता मुदत कमी करायला लावली.

गुंठेवारीवाल्यांसाठी 2001 मध्ये नियमितीकरणाचा कायदा आला आणि 2021 च्या दुरुस्तीनं तो 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना लागू झाला. शुल्क भरलं, फाइल मंजूर झाली की घराला नाव मिळतं आणि कर्जाची वाट मोकळी होते. पण असंख्य माणसांनी तोवर सावकार फेडून संपवला होता. त्या फिटरनंही.

आमच्या धंद्यालाही शिस्त लागली. मे 2017 पासून महारेरा आलं आणि 2023 पासून एजंटला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. काही जुने सहकारी कुरकुरले. मला ते आवडलं. दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या कमाईला हात लावणाऱ्याला एवढं यायलाच हवं.

आता ऑरिक सिटी आणि बिडकीनच्या कारखान्यांमुळं पुन्हा बाहेरची पोरं येतायत आणि शहराच्या कडेला पुन्हा रेघा पडायला लागल्यात. जाहिरातीत हप्ता मोठ्या अक्षरात असतो, गट नंबर बारीक. तुम्ही घर बघायला निघालात तर पाणी कितव्या दिवशी येतं हे शेजाऱ्याला विचारा, एनएचा आदेश आणि मंजूर ले-आउट स्वतः डोळ्यांनी बघा, तीस वर्षांचा सर्च आणि जुनं खासरा पत्रक वकिलाकडून काढून घ्या. बॉण्डवर देतो म्हणणाऱ्याला इसार देऊ नका, मग तो भाव कितीही कमी सांगो. आणि ज्यांचं कर्ज चालू आहे त्यांनी याच महिन्यात बँकेत जाऊन आपला आजचा दर आणि शेवटच्या हप्त्याची तारीख लिहून मागून घ्यावी.