काठावरचा पंच

१८७२चा वैशाख. तुम्ही पिंपळगाव बसवंतमध्ये आहात. मुंबई-आग्रा रस्त्यावरून गेलेल्या गाड्यांची धूळ अजून हवेत आहे, तोच जागल्या तुमच्या ओट्यापुढे येऊन उभा राहतो. "पाटलांनी बोलावलंय. मळ्यातल्या विहिरीत बाई सापडली."

तुम्ही मुंडासं गुंडाळून निघता. १८६७च्या गाव-पोलीस कायद्याने हे काम ठरवून दिलं आहे. कुणाचं अकस्मात किंवा अनैसर्गिक मरण झालं, प्रेत सापडलं, की पोलीस पाटलाने दोन किंवा अधिक समंजस गावकरी जमवायचे, मरणाचं कारण शोधायचं आणि लेखी अहवाल ठाण्याकडे पाठवायचा. इथे डॉक्टर नाही, फौजदारही नाही. त्या बाईच्या मरणाची पहिली चौकशी तुम्हीच करायची आहे.

मोट थांबली आहे, बैल सोडलेले आहेत. थारोळ्याशेजारी बाजेवर ओल्या लुगड्यातली बाई. वय विशीच्या आत. सासरा उभ्याउभ्याच सांगतो, "पाण्याला आली व्हती. पाय घसरला." चार माना हलतात. दिवस मावळायच्या आत उरकून घ्या, असं भाऊबंद म्हणू लागतात.

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, म्हणून काय बघायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. नाकातोंडाशी बारीक पांढरा फेस आहे का? पुसल्यावर छाती दाबली तर तो पुन्हा येतो का? बुडताना माणूस हाताला लागेल ते धरतो, म्हणून मुठी उघडून बघा. गवत किंवा गाळ आवळलेला असेल. मग प्रेताकडे पाठ करा आणि पायऱ्या बघा. घसरलेला पाय शेवाळावर ओरखडा ठेवतो. कळशी काठावर नाही, मग ती तळाशी असली पाहिजे. गळ टाकायला सांगा. आणि तिच्या घरचं पाणी याच विहिरीवरून जातं का, हेही विचारा. हा प्रश्न गावच्या माणसालाच सुचेल.

संशय आला तर प्रेत सिव्हिल सर्जनकडे पाठवायचं, मात्र प्रेताची अवस्था तेवढी टिकणारी असेल तर, अशी सोय कायद्यातच आहे. नाशिक इथून तीसेक किलोमीटर. बैलगाडीला अख्खा दिवस लागणार आणि वर वैशाखाचं ऊन. तिकडे मुंबई शहरात १८७१च्या कायद्याने कॉरोनर हा अधिकारी आणि त्याचे ज्यूरी अशा मरणांच्या चौकशीला बसतात. पिंपळगावात पाटील आहे, पंच आहेत आणि मोडीत भराभर लिहिणारा कुलकर्णी आहे. "पाय घसरून विहिरीत पडून मयत" असं त्याचं वाक्य पुरं होतं आणि बोरू तुमच्याकडे येतो. अक्षर येत नसेल तर नांगराची निशाणी करा. पण आधी त्याला वाचून दाखवायला लावा. गळ टाकूनही कळशी सापडली नाही, हे त्यात आलंय का?

आता एकशे तेरा वर्षं पुढे या.

१९८५. ऑक्टोबर छाटणी चालू आहे, द्राक्षबागांमधून कात्र्यांचा आवाज येतोय. विहिरीवर मोटेच्या जागी विजेची मोटार आली आहे. पाटीलकी आता वंशपरंपरेची राहिलेली नाही. सरकारने नेमलेला पोलीस पाटील ठाण्याला खबर देतो, अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि हवालदार येतो. मेलेली मुलगी लग्नाला तीन वर्षं झालेली आहे, म्हणून निफाडहून तहसीलदारही येतात. हुंडाबळींविरुद्ध देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, त्यानंतर १९८३ साली कायदा बदलला. लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली किंवा तिच्या मरणाविषयी संशय असला, तर दंडाधिकाऱ्याने चौकशी करायची आणि शवविच्छेदनही व्हायचं.

तुम्ही पुन्हा पंच आहात. सासरचा माणूस तेच सांगतो, पाय घसरला. माहेरची माणसं ट्रॅक्टरमधून उतरतात आणि आई तिचं मनगट धरून विचारते, "बांगड्या कुठं गेल्या?" हवालदार मापं घेतोय. तुम्ही घरापासून विहिरीपर्यंतची पाऊलवाट चालून बघा. वाटेत, विहिरीच्या बरंच अलीकडे, मातीत हिरव्या काचेचे तुकडे आहेत. ते उचलू नका. हवालदाराला दाखवा, अंतर मोजायला सांगा, पंचनाम्यात घालायला लावा.

हे एवढं का महत्त्वाचं, ते शवविच्छेदनाच्या खोलीत कळतं. डॉक्टरपुढे प्रेत येतं, पोलिसांचं पत्र येतं, मरणोत्तर पंचनाम्याची प्रत येते. विहीर येत नाही. फुगून जड झालेली फुप्फुसं, श्वासनळीतला गाळ आणि फेस बघून 'बुडून मृत्यू' असं मत त्यांना देता येईल. विषाची शंका असेल तर जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून व्हिसेरा रासायनिक तपासणीला जाईल आणि अहवाल येईपर्यंत मत राखून ठेवलं जाईल. पाण्यातलं सूक्ष्म शैवाल हाडाच्या मज्जेपर्यंत पोहोचलंय का, हेही तपासता येतं. मात्र ताडून बघायला त्याच विहिरीचं पाणी लागतं. ते काठावरच्या कुणी बाटलीत भरून घेतलं नसेल, तर प्रयोगशाळा काय करणार?

पाय घसरून पडलेली, स्वतः उडी घेतलेली आणि कुणी ढकललेली, या तिघींची फुप्फुसं सारखीच दिसू शकतात. सुरी बुडणं दाखवते. पाण्यात जाणं कसं झालं, हे बहुतेक वेळा काठच सांगतो.

काठ आणि टेबल जोडायचा दुसरा मार्गही आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १८७७ सालीच कॉरोनर काढून त्यांच्या जागी वैद्यकीय परीक्षक, म्हणजे डॉक्टर, नेमले. न्यूयॉर्क शहरात १९१८मध्ये असं कार्यालय सुरू झालं. अशा कार्यालयाचं माणूस प्रेत हलवण्याआधी जागेवर पोहोचतं आणि तिथलं निरीक्षण व टेबलावरचं निरीक्षण एकाच कागदावर येतं. आपल्याकडे मुंबईचा कॉरोनर १९९९मध्ये गेला. त्याच्या जागी वैद्यकीय परीक्षक आला नाही. मुंबईचं कामही पोलिसांकडे आणि पंचांकडे आलं.

आता आजच्या पिंपळगावात उतरा. टोमॅटोचे क्रेट भरलेल्या गाड्या बाजार समितीकडे वळताहेत. या वेळी विहीर नाही, शेततळं आहे. त्याचा प्लास्टिकचा कागद इतका गुळगुळीत की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. खरोखरच घसरून माणसं यात जातात. म्हणूनच इथे कुणाच्याही सांगण्यावर सहज विश्वास बसतो. कागदावरच्या धुळीत घसरल्याचा पट्टा आहे का? बाहेर यायला धडपडल्याच्या खुणा आहेत? कुंपणाचं फाटक कोणी उघडलं?

अशा मरणांच्या चौकशीला १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ लागू आहे: अहवाल चोवीस तासांत वरच्या दंडाधिकाऱ्याकडे गेला पाहिजे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जायचं, हेही आता कायद्यात आहे. पण त्यासाठी आधी गुन्हा दाखल व्हायला हवा. 'पाय घसरला' एवढंच ठाण्यात पोहोचलं, तर नोंद अकस्मात मृत्यूची होते आणि तज्ज्ञ येत नाही. तज्ज्ञाला बोलावणारी शंका काठावर उभ्या असलेल्या माणसालाच आधी यावी लागते.

तो माणूस गावातला असतो, ही आपल्या पद्धतीची ताकद आणि तीच तिची दुखरी जागा. कोणत्या घरात रात्री आवाज होतात, कोण कुठे पाण्याला जातं, हे शेजाऱ्याइतकं कुणालाच माहीत नसतं. आणि गप्प बसण्याची कारणंही त्याच्याइतकी कुणाकडे नसतात. भाऊकी आहे, बांधाला बांध आहे, उद्या सोसायटीत शेजारी बसायचं आहे. तालुक्याला प्रशिक्षित परीक्षक मिळालाच पाहिजे, ही मागणी आपण लावून धरू. तो येईपर्यंत पोलीस पाटलांना आणि अंमलदारांना जागा कशी वाचायची ते नीट शिकवता येईल, आणि पंच व्हायला तुम्ही-आम्ही पुढे होऊ शकतो.

बोलावणं आलं तर जा. छापील मजकुराखाली नुसती सही मागितली तर थांबा, वाचा. दिसलं ते सगळं लिहायला लावा, जे असायला हवं होतं आणि दिसलं नाही तेही लिहायला लावा. कुणावर आरोप करायचं काम तुमचं नाही. मेलेल्या माणसाला प्रश्न विचारता येत नाहीत. ते त्याच्या वतीने विचारणं एवढंच तुमचं काम आहे, आणि प्रेत उचललं की ते दुसऱ्या कुणाला करता येत नाही.