दिव्याच्या उजेडात सूर्य शोधताना

२५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट जगासमोर मांडला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. पण असा आकडा नेमका कोणत्या प्रकाशात मोजायचा, हा प्रश्न पुढे कित्येक दशके शास्त्रज्ञांना पुरून उरला.

ऊन तासातासाला बदलते, म्हणून चाचणीसाठी दिवा आला. सर्वांत सोयीचा टंगस्टनचा. मात्र त्याची तार २८०० केल्विनच्या आसपास तापते आणि सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५८०० केल्विन असतो. साहजिकच त्या दिव्याचा प्रकाश अवरक्ताकडे झुकलेला, आणि सिलिकॉनला नेमका तांबडा व त्यालगतचा अवरक्त प्रकाश अधिक मानवतो. निळ्या प्रकाशात दुबळा असलेला घटही त्याखाली उत्तम ठरे.

१९५८ मध्ये व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह सौरघटांसह अंतराळात गेला. वातावरणाबाहेर निळा व अतिनील प्रकाश अधिक, आणि तिथे गेलेला घट बदलता येत नाही! हा फसवा आकडा आता परवडणारा नव्हता. सूर्याशी अधिक मिळताजुळता झेनॉन दिवा वापरात आला. शिवाय अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने फुग्यांतून सुमारे ३६ किलोमीटर उंचीपर्यंत घट पाठवले, तिथल्या उन्हात मोजले, परत आणले आणि त्यांच्यावरून दिवे जुळवले. खरे तर या साऱ्या इतिहासातील सर्वांत देखणी युक्ती हीच.

१९७३ च्या तेलसंकटानंतर सौरपॅनेल जमिनीवर विकले जाऊ लागले. वॅटमागे किंमत ठरू लागली. आता दिव्यातील चूक थेट ग्राहकाच्या खिशात जाणार होती. झेनॉनही निर्दोष नव्हता: ८०० ते १००० नॅनोमीटरच्या पट्ट्यात त्याच्या वर्णपटाला तीव्र शिखरे असतात. ती गाळण्यांनी दाबावी लागतात. ती किती दबली, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी प्रकाश फोडून एकेक तरंगलांबी मोजणारा वर्णपटमापक लागतो. त्यातच पॅनेल तपासणारे अनेक दिवे काही मिलिसेकंदच लखलखतात. एका वेळी एकच तरंगलांबी टिपणारे उपकरण तिथे अपुरे पडते. सगळा वर्णपट एकदम टिपणाऱ्या संवेदकांनी ती अडचण दूर केली.

पुढे आंतरराष्ट्रीय मानकाने ४०० ते ११०० नॅनोमीटरचे सहा पट्टे ठरवले. प्रत्येक पट्ट्यातील प्रकाश प्रमाण सूर्यप्रकाशाच्या ०.७५ ते १.२५ पट असला, की वर्णपटापुरता दिवा ‘ए’ श्रेणीचा. ही सवलत बरीच सैल म्हणावी लागेल, कारण ‘ए’ श्रेणीचे दोन दिवेही एकमेकांपासून बरेच दूर असू शकतात. २०२० च्या आवृत्तीत अधिक कडक ‘ए प्लस’ श्रेणी आली. तरीही एकदा मोजून भागत नाही. झेनॉन दिवा जुना होत जातो तसा त्याचा अतिनील भाग ओसरतो, आणि वर्णपट पुन्हा मोजावा लागतो.