ख्रिस्ती उपासना आणि आचरण

पवित्र शास्त्राचे वाचन, उपदेश, प्रार्थना, गीतगायन आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या अखेरच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस ग्रहण करण्याचा विधी, यांतून मंडळीने, म्हणजेच श्रद्धावंतांच्या समुदायाने, देवाला केलेले वंदन म्हणजे ख्रिस्ती उपासना होय. मात्र हे सर्व यथासांग पार पडले म्हणजे उपासना घडलीच, असे ख्रिस्ती परंपरा मानत नाही. उपासकाचे अंतःकरण पालटले की नाही, याची साक्ष ती त्याच्या व्यवहारात शोधते.

या आग्रहाचे मूळ यहुदी संदेष्ट्यांच्या वाणीत आहे. इ. स. पू. आठव्या शतकात आमोस व यशया यांनी बजावले, की गरिबांना नाडणाऱ्यांचे आणि लाच घेऊन न्याय विकणाऱ्यांचे यज्ञ, सण व गायन देवाला नकोसे झाले आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू याच्याही पुढे जातो : वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाचे मन आपल्याविषयी कलुषित आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे तो सांगतो, म्हणजे दुखावलेल्या माणसाकडे जाणे हा उपासनेतील अडथळा न राहता तिचाच भाग ठरतो. करिंथ येथील मंडळीत सधन लोक आधी पोटभर जेवत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा प्रेषित पौलाने इ. स. 55च्या सुमारास त्यांना लिहिले, की तुमचे हे जेवण प्रभूचे भोजनच नव्हे. विधीत त्रुटी होती असे त्याचे म्हणणे नव्हते. दोष पंक्तीतला होता.

आरंभीच्या मंडळीचे वर्णन तिच्या विरोधकानेही याच अंगाने केले आहे. बिथिनियाचा रोमन प्रांताधिपती धाकटा प्लिनी याने 112च्या सुमारास सम्राट ट्रेजनला कळविले, की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात आणि चोरी, व्यभिचार व विश्वासघात न करण्याची शपथ घेतात. दुसऱ्या शतकाच्या मध्यास ख्रिस्ती लेखक जस्टिनने केलेल्या रविवारच्या उपासनेच्या वर्णनात शेवटी जमा होणारे दान अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांच्याकडे जाते. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तोम अंत्युखियात उपदेश करीत असे, की मंदिरात ख्रिस्ताला रेशमाने सजवून बाहेर गरिबाच्या रूपाने थंडीत कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे पाठ फिरवू नये.

सदाचरण ही तारणाची, म्हणजे पापातून मुक्तीची, किंमत नसून देवाच्या कृपेचे, म्हणजे न कमावता मिळालेल्या अनुग्रहाचे, फळ आहे, असे सोळाव्या शतकात धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने ठासून मांडले. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने अठराव्या शतकात याला व्यवहाराची जोड दिली. त्याच्या अनुयायांच्या सुमारे बारा जणांच्या तुकड्या दर आठवड्याला एकत्र येऊन परस्परांच्या वागणुकीची विचारपूस करीत. 1774मध्ये त्याने गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. त्याच गुलामगिरीचे समर्थन करणारे अमेरिकेतील अनेक मळेवाले रविवारी निष्ठेने चर्चला जात, हा या इतिहासाचा लाजिरवाणा भाग होय. स्वतः गुलामीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसने 1845मधील आत्मकथनाच्या परिशिष्टात ख्रिस्ताचा धर्म व गुलाममालकांचा धर्म यांत म्हणूनच कडक भेद केला.

महाराष्ट्रातील विचारात घेण्याजोगे उदाहरण पंडिता रमाबाई (1858–1922) यांचे आहे. त्यांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेचा जलसंस्कार, 1883मध्ये इंग्लंडमध्ये झाला. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त मात्र सुमारे आठ वर्षांनंतर लाभला, असे त्यांनी पुढे लिहिले. विधवांसाठी त्यांनी काढलेले शारदा सदन 1889चे, म्हणजे या अनुभवाच्या आधीचे आहे. त्यामुळे आधी हृदयपालट आणि मग सत्कर्म हा पाठ्यपुस्तकी क्रम त्यांच्या चरित्राला लागू पडत नाही. येथे सेवा आधीच सुरू होती, आणि उपासनेने तिचे अधिष्ठान बदलले. 1905मध्ये रमाबाईंनीच केडगावला उभारलेल्या मुक्ती सदनात मुली मोठ्याने रडून पापांची कबुली देऊ लागल्या व एकाच वेळी प्रार्थना करू लागल्या, तेव्हा या भावनावेगाविषयी मतभेद झाले. अशा भावनावेगाचे मोल पुढील वर्तनावरूनच ठरवावे लागते. दुष्काळात व वैधव्यात निराधार झालेल्या स्त्रियांसाठी उभे राहिलेले केडगावचे हे काम रमाबाईंच्या मृत्यूनंतरही चालू राहिले.