उलट्या टोपीचा इतिहास

टोपी फिरविणें या वाक्प्रचाराचा मराठींतील अर्थ सर्वांना ठाऊक आहे. दिलेला शब्द बदलणारा, ऐन वेळीं दुसऱ्या पक्षाला जाऊन मिळणारा मनुष्य टोपी फिरवितो. अमेरिकेंत ती अगदीं शब्दशः फिरविली गेली, आणि गंमत अशी कीं, तेथेंहि वाद माजला तो निष्ठेचाच.

ही टोपी बेसबॉल या खेळाची. न्यू यॉर्कच्या निकरबॉकर क्लबानें १८४९ सालीं आपल्या खेळाडूंसाठीं गवती हॅट ठरविली होती. परंतु १८६० च्या सुमारास ब्रुकलिनच्या एक्सेल्सियर संघानें गोल माथ्याची व कपाळापुढें चोच आलेली टोपी घातली. आजची टोपी तिचीच वंशज. उंच उडालेला चेंडू पाहतांना सूर्य डोळ्यांवर येऊं न देणें, एवढेंच त्या चोचीचें काम.

पण ज्याला चेंडू मुख्यतः नाकासमोर झेलावयाचा, त्याला या चोचीची अडचणच. क्रिकेटमधील यष्टिरक्षकाप्रमाणें फलंदाजाच्या मागें बसणाऱ्या खेळाडूस तेथें ‘कॅचर’ म्हणतात. प्रारंभीं तो उघड्या तोंडानें खेळे, आणि नाकादांतांची किंमत देई. हार्वर्ड विद्यापीठाच्या संघाचा नायक फ्रेडरिक थेयर यानें तलवारबाजीच्या जाळीवरून तारेचा मुखवटा सिद्ध केला. जेम्स टिंग या कॅचरनें तो १८७७ सालीं वापरला, व पुढील वर्षीं थेयरला त्याचें पेटंट मिळालें. हा मुखवटा कपाळाशीं घट्ट बसावयाचा तर मध्यें चोच नको. म्हणून कॅचरनें ती मानेवर फिरविली. त्याच्या पाठीशीं उभ्या राहणाऱ्या पंचालाहि मुखवटा लागे. पण पंचाच्या प्रतिष्ठेला उलटी टोपी मानवली नसावी. त्यानें चोचच आखूड करून घेतली!

कॅचरसारखीच गरज इतरांनाहि पडली. कॅमेऱ्याला डोळा लावणारे छायाचित्रकार आणि तोंडावर ढाल घेऊन लोखंड जोडणारे वेल्डर यांच्या टोप्या कामापुरत्या मागें वळल्या. उघड्या विमानांत वारा चोचीखालीं शिरून टोपीच उडवून नेई. लिंकन बीची हा धाडसी वैमानिक अंगांत सूट व डोक्यावर उलटी टोपी अशा थाटांत कसरती करी. १९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें विमान उपसागरांत कोसळून त्याचा अंत झाला. या कोणाच्याहि टोपीला कोणीं उद्धट म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. टोपी उलटी होती, पण तिच्याखालचा मनुष्य कामांत होता.

काम गेलें आणि टोपी उलटीच राहिली, तेव्हां तिला नवा अर्थ चिकटला. १९५१ सालीं प्रसिद्ध झालेल्या जे. डी. सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’ या कादंबरींतील शाळेंतून काढलेला मुलगा आपली तांबडी शिकारी टोपी चोच मागें करून घालतो. त्याच्या तोंडावर मुखवटा नाहीं. पुढें १९८० नंतरच्या दशकांत हिप-हॉप संगीताबरोबर ही तऱ्हा शहरांतील तरुणांत, विशेषतः कृष्णवर्णीय तरुणांत, पसरली. अनेक शाळांनीं टोपीवरच बंदी घातली.

अशा वेळीं केन ग्रिफी धाकटा हा कृष्णवर्णीय खेळाडू सिअ‍ॅटल मरिनर्स संघांतून १९८९ सालीं पुढें आला. सामन्यांत त्याची टोपी सरळ असे. सरावांत मात्र उलटी. १९९३ सालीं बाल्टिमोर येथें षट्कारासारखे ‘होम रन’ मारण्याची जी स्पर्धा झाली, तींत उलटी टोपी घालून त्यानें मारलेला एक चेंडू मैदानाबाहेरच्या जुन्या वखारीच्या भिंतीवर थेट जाऊन आदळला. १९९४ सालीं न्यू यॉर्क यांकीज संघाचे व्यवस्थापक बक शोवॉल्टर यांनीं उलट्या टोपीवरून व बाहेर लोंबणाऱ्या सदऱ्यावरून त्याचें नांव घेऊन टीका केली. त्यांच्या मतें हा खेळाचा अनादर होता.

ग्रिफीनें सांगितलेलें कारण अगदींच घरगुती होतें. त्याचे वडील, थोरले केन ग्रिफी, सिनसिनाटी रेड्सचे खेळाडू. त्या संघानें १९७५ व १९७६ सालीं अजिंक्यपद मिळविलें. पोराला वडिलांची टोपी हवी, पण ती मोठी. सरळ घातली कीं डोळ्यांवर घसरे. म्हणून त्यानें ती फिरविली, आणि संवय राहिली ती राहिलीच. म्हणजे ज्या टोपींत लोकांना उद्दामपणा दिसला, तींत खरोखर पितृभक्तीच होती! शोवॉल्टर यांना तें मैदानावरून कसें दिसावें, हें खरें. पण विचारण्यास अडचण कोणती होती? १९९० सालीं तर हे बापलेक सिअ‍ॅटलच्या एकाच संघांत खेळले, आणि १४ सप्टेंबरला दोघांनीं लागोपाठ होम रन मारले.

२०१६ सालीं कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या मंदिरांत ग्रिफीची निवड झाली. ४४० मतांपैकीं ४३७ मतें त्याला पडलीं. तोंवर इतका मोठा वांटा कोणासच मिळाला नव्हता. समारंभांत भाषण संपवितांना त्यानें टोपी काढली, डोक्यावर चढविली, आणि चोच मानेकडे फिरविली. सभा टाळ्यांनीं दुमदुमली.